पद्मिनीच्या पोटातला गंज: पत्रा उघडण्यापासून मेण मारेपर्यंत

दाराखालच्या पत्र्यावर रंगाला फोड येतो. मालक गाडी डेंटरकडे नेतो. डेंटर फोड घासतो, भोक निघालं तर वरून तुकडा डकवतो, लांबी (खड्डे भरायची पुटी) भरतो, रंग मारतो. गाडी चकचकीत होऊन घरी येते आणि एक-दोन पावसाळ्यांत त्याच जागी, बहुधा तुकड्याच्या कडेकडेने, पुन्हा फुगते. मग मालक रंगाला नावं ठेवतो आणि डेंटर खाऱ्या हवेला. खरं तर गंज आतून सुरू झालेला असतो आणि पत्रा खात खात बाहेर पोचलेला असतो. दुरुस्ती मात्र फक्त बाहेरून होते.

इथे प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या आधीची फियाट ११०० या गाड्या डोळ्यांपुढे ठेवल्या आहेत. मुंबई, कोकण, गोवा या पट्ट्यात त्या अजून काही घरांत आहेत आणि त्यांचा गंज ठरावीक जागी लागतो. या गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नसते. फ्लोअर, दाराखालच्या पेट्या (दारांच्या खालून गाडीच्या लांबीने जाणारे पत्र्याचे पोकळ भाग), खांब आणि छत मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. म्हणून दाराखालची पेटी सडली की प्रश्न नुसता दिसण्याचा राहत नाही. गाडीचा भार पेलणारा भागच गेलेला असतो.

काम अवघड नाही, पण क्रम चुकला की सगळं पाण्यात जातं. आणि क्रम हमखास चुकतो.

## १. वेळ आणि जागा

पत्रा उघडायचं काम दिवाळीनंतर काढा आणि होळीच्या आत रंगापर्यंत आणा. जूनमध्ये उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. त्यावर प्रायमर मारणं म्हणजे गंजावर पांघरूण घालणं. पावसाळ्यात शोधाशोध, मोजमाप, सुट्या भागांची जमवाजमव करा. पाणी कुठून शिरतं हे पाहायलाही तेच दिवस चांगले.

जागा सपाट आणि वरून झाकलेली हवी. सोसायटीच्या उतारावर गाडी उभी करून दाराखालची पेटी कापू नका. कारण पाचव्या टप्प्यात कळेल.

## २. गंज कुठवर गेला आहे ते पाहणे

खरेदी नंतर, मिस्त्री ठरवणं नंतर, आधी हे. लागतं काय: बोथट स्क्रूड्रायव्हर, लहान हातोडी, फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक, टॉर्च आणि मोबाईलला जोडायचा नळीसारखा कॅमेरा. हा कॅमेरा स्वस्तात मिळतो आणि एरवी हजारो रुपयांची फोडाफोड वाचवतो.

चुंबक आधी फिरवा. पत्र्यावर तो टक्कन बसतो, जाड लांबीवर ढिला पडतो किंवा घसरतो. जिथे घसरेल तिथे खडूने गोल करा. जुन्या गाडीवर असे गोल बरेच निघतात आणि प्रत्येक गोल म्हणजे कुणीतरी पूर्वी केलेली झाकपाक असते.

मग हातोडीने हलके टिचके मारा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो, आणि पेटीच्या आतून गंजाचे पोपडे खाली पडल्याचा खळखळ आवाज येतो. शंका असेल तिथे स्क्रूड्रायव्हर दाबा. आत गेला तर वाईट वाटून घेऊ नका, तिथे पत्रा नव्हताच.

पाहायच्या जागा:

- दाराखालच्या पेट्या, विशेषतः त्यांचं तळ आणि मागच्या चाकाकडचं टोक.
- जॅक लावायच्या जागा. इथे पत्रा दबलेला असतो, रंग उडालेला असतो आणि चिखल साठतो.
- रबरी मॅटखालचा फ्लोअर. ड्रायव्हरच्या पायाशी आणि मागच्या सीटसमोरच्या खळग्यात.
- वायपरखालचा, हवा आत घेणारा कप्पा. पिंपळ-गुलमोहराखाली उभ्या गाडीत इथे पानांचा भुसा होऊन तो ओल धरून बसतो.
- पुढच्या खांबाचं बूड, जिथे तो दाराखालच्या पेटीला मिळतो.
- हेडलाइटच्या मागची पोकळी आणि मडगार्डची वरची आतली बाजू.
- मागच्या चाकावरची कमान, जिथे आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकाला चिकटवलेला आहे.
- डिकीचा तळ, स्टेपनीखाली.
- दारांची खालची घडी, जिथे बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला आहे.
- मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) टोकं बॉडीला जिथे अडकवली आहेत ती जागा.

ही शेवटची जागा लोक विसरतात. इथला पत्रा सडला तर पाट्याचा आधारच सुटतो. गाडी वळणावर मागून 'पोहते' असं वाटत असेल, तर शॉक अब्सॉर्बर बदलण्याआधी इथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा.

तपासा: गाडीच्या चारही बाजूंचे फोटो काढा, खडूच्या खुणांसकट. याच फोटोंवरून मिस्त्रीशी बोलायचं आहे.

सावधान: चासी नंबर कुठे कोरला आहे ते आत्ताच पाहून ठेवा. तो पत्रा कापायचा नाही, घासायचा नाही, त्यावर लांबी किंवा जाड रंग चढवायचा नाही. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं आणि त्या वेळी कागदावर पेन्सिल घासून नंबराचा छाप घेतात. छाप उठला नाही तर पुढचे हेलपाटे तुमचे.

## ३. पाणी कुठून येतं ते शोधणे

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. नवा फ्लोअर बसवला आणि पुढच्या काचेचं रबर तेच गळकं ठेवलं, तर नवा फ्लोअरही जुन्याच वाटेने जाणार.

दोन माणसं लागतात. एक आत टॉर्च घेऊन, एक बाहेर पाण्याची नळी घेऊन. सीट आणि मॅट काढून फ्लोअरवर वर्तमानपत्र पसरा. थेंब पडला की लगेच डाग दिसतो. नळीला जोर नको, पाणी नुसतं वाहतं ठेवा. सुरुवात खालून करा: आधी चाकांच्या कमानी, मग दारं, मग वायपरखालचा कप्पा, शेवटी काचा आणि छताची पन्हळ. प्रत्येक जागी पाच-दहा मिनिटं थांबा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं हे कळत नाही.

दारांबाबत मोठा गैरसमज आहे. दाराच्या पोटात पाणी जाणं हा दोष नाही. काचेच्या कडेने ते आत जाणारच, गाडी तशीच बनवलेली आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे. ही भोकं मातीने, जुन्या रंगाने किंवा उत्साही डेंटरच्या लांबीने बुजलेली असतात. मग दाराच्या तळाशी पाणी साठतं आणि घडी सडते.

दुसरी गडबड आतल्या पॅडच्या मागे. कंपनीने तिथे एक जाड कागद किंवा प्लास्टिक लावलेलं असतं. काच वर-खाली करायची यंत्रणा दुरुस्त करताना कुणीतरी ते फाडतो आणि पुन्हा लावत नाही, कारण पॅड बसलं की ते कुणाला दिसत नाही. ते नसलं की दाराच्या आतून ओघळणारं पाणी पॅडवर येतं, पॅडचा पुठ्ठा फुगतो आणि पाणी तिथून फ्लोअरवर उतरतं. मालक काचेचं रबर बदलत बसतो. जाड प्लास्टिक दाराच्या आकाराचं कापा, वरची आणि बाजूची कड न सुकणाऱ्या चिकट पट्टीने नीट लावा आणि खालचं टोक दाराच्या फटीत आत सोडा, म्हणजे पाणी दाराच्या पोटातच परत पडेल. खर्च नगण्य.

तपासा: प्रत्येक गळती कागदावर लिहून ठेवा. यातली एकही शिल्लक असताना नवा पत्रा बसवायला घेऊ नका. काचेचं रबर मात्र रंगकाम झाल्यावर शेवटी बदलायचं, तोवर ते आणून ठेवा.

## ४. गाडी मोकळी करणे

बॅटरी काढा. नुसती वायर सोडून भागत नाही, गाडीतून बाहेर काढून ठेवा. सीट, मॅट, खालचा फेल्ट (लोकरीसारखा जाड थर), दाराची पॅडं, दाराखालच्या पट्ट्या, सगळं उतरवा. स्क्रू त्या-त्या भागाच्या नावाच्या पिशवीत ठेवा. वायरिंग जिथे जोडलं आहे तिथले फोटो काढा. पद्मिनीत मागच्या दिव्यांच्या वायरी बॉडीच्या कडेने गेलेल्या असतात आणि वेल्डिंगची उष्णता त्यांना आधी लागते.

फ्लोअरवरचे डांबराचे थर खरवडून काढावेच लागतात. त्यांच्याखालीच बरंच काही लपलेलं असतं. डांबर थंड असताना ठिसूळ होतं, म्हणून सकाळच्या गारव्यात छिन्नीने सुटतं. दुपारी उन्हात चिघळतं.

सावधान: मागच्या बाजूला काम असेल तर पेट्रोलची टाकी काढून गाडीपासून लांब ठेवा आणि नळीची तोंडं बंद करा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक, कारण तिच्यात वाफ असते. "ओलं पोतं टाकतो, काही होत नाही" असं म्हणणारा मिस्त्री बदला.

## ५. मापं आणि आधार

दोन्ही बाजूंच्या दाराखालच्या पेट्या एकदम कापल्या की गाडी मधून झोल खाते. मग नवा पत्रा त्या झोललेल्या आकारात पक्का होतो आणि दारं जन्मभर घासत राहतात. हे एकदा झालं की परत उघडल्याशिवाय सुटका नाही.

म्हणून गाडी मधोमध जॅकवर उचलून काम करू नका. पुढे आणि मागे, सस्पेन्शनखाली भक्कम घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, म्हणजे गाडीचं वजन एरवी जिथे पडतं तिथेच पडेल. इंजिन बाहेर काढलं असेल तर गाडीचा तोल वेगळा असतो, हेही ध्यानात ठेवा.

दाराच्या चौकटीची मापं घ्या: वरच्या पुढच्या कोपऱ्यातून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट कर्ण. दोन्ही बाजूंची मापं ताडून बघा. फरक निघाला तर गाडी आधीच बसलेली आहे. आधी ती सरळ करा, मग पुढे जा.

मापं जुळली की चौकटीत आडवा आणि तिरपा लोखंडी आधार द्या. साधा चौकोनी पाइप पुरतो. त्याची टोकं धड पत्र्यावर, लपणाऱ्या जागी टाक्याने, म्हणजे वेल्डिंगच्या छोट्या ठिपक्याने, जोडा. दार मधूनमधून बसवून बघता येईल अशा बेताने आधार आतल्या अंगाला घ्या.

तपासा: दार बंद करून चारही बाजूंच्या फटी पाहा, माप पत्र्यावरच खडूने लिहा. एका वेळी एकच बाजू उघडायची. ती पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही.

## ६. कापणे

कापण्याआधी जाड पुठ्ठ्याचा फर्मा करून घ्या. सडका का होईना, मूळ आकार समोर आहे तोवर वळणं, घड्या, भोकांच्या जागा उतरवता येतात. आधी कापून मग आकार आठवत बसणं हा वेळेचा सगळ्यात मोठा अपव्यय.

आधी फक्त बाहेरचं कातडं उघडा. पातळ कटिंग व्हील लावून, खोली जेमतेम पत्र्याएवढी. दाराखालच्या पेटीत बाहेरच्या आणि आतल्या पत्र्याच्या मध्ये आणखी पत्रा असू शकतो, आणि घाईने व्हील खोल गेलं तर जो चांगला होता तोही गेला. बाहेरचं उघडल्यावर आत बघा. इथे बहुतेकांचा अंदाज खोटा ठरतो: बाहेर वीतभर फोड, आत हातभर कूज.

धड पत्रा लागल्यावरही दोन-तीन सेंटीमीटर पुढे जाऊन कापा. गंजाने पातळ झालेली कड वेल्डिंगला टिकत नाही, ठिणगी लागताच भोक पडतं. वेल्डर "पत्रा जळतोय" म्हणाला तर बहुतेक वेळा मशीन दोषी नसतं, कापणी आखूड झालेली असते.

काप सरळ असावा, कोपरे गोल. टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते. आतला आणि बाहेरचा काप एकाच रेषेत ठेवू नका, दोन बोटं पुढे-मागे करा.

सावधान: चष्मा, हातमोजे, जाड कपडे. काचांवर ब्लँकेट टाका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि नंतर निघत नाहीत.

## ७. पेटी बंद करण्याआधी

पेटी उघडी आहे, आतला गंज डोळ्यांसमोर आहे. ही संधी पुन्हा येणार नाही. नेमक्या याच क्षणी घाई होते, कारण नवा पत्रा तयार असतो आणि वेल्डर वाट बघत असतो.

आधी सुटे पोपडे तारेच्या ब्रशने आणि छिन्नीने काढा, व्हॅक्यूमने ओढून घ्या. गाडी समुद्राजवळ राहत असेल तर गंजाच्या खड्ड्यांत मीठ असतं. ते नुसतं घासून जात नाही. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि हवेचा झोत मारून पूर्ण वाळवा. मीठ आत ठेवून वर कितीही महागडा रंग मारला तरी तो उचलला जातो.

उरलेल्या गंजासाठी बाजारात दोन प्रकारची औषधं मिळतात. फॉस्फरिक आम्लाची गंज खातात आणि पत्र्यावर फॉस्फेटचा राखाडी थर सोडतात. टॅनिक आम्लाची गंजाला काळसर, स्थिर थरात बदलतात. मोकळ्या जागी, जिथे धुता येतं, तिथे फॉस्फरिक चांगलं. दोन पत्र्यांच्या सांध्यात मात्र ते घालू नका. तिथून ते धुवून निघत नाही, सांध्यात पाझरत राहतं आणि वरचा इपॉक्सी प्रायमर धरू देत नाही. सांध्यांना टॅनिक प्रकारच बरा. कुठलंही औषध पोपड्यांवर मारून उपयोग नाही, ते फक्त वरचा थर काळा करतं.

वाळलेल्या पत्र्यावर दोन भागांचा (दोन डब्यांतलं मिसळून मारायचा) इपॉक्सी प्रायमर मारा, पण जिथे वेल्डिंग होणार आहे त्या कडा दोन-तीन सेंटीमीटर मोकळ्या सोडा. दोन पत्रे एकमेकांवर बसणार असतील तिथे वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर मारा.

तपासा: मिस्त्रीला आधीच बजावून ठेवा, 'मी बघितल्याशिवाय पेटी बंद करायची नाही.' येणं शक्य नसेल तर आतला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा. पैसे देतानाही पत्र्याच्या कामाचा हप्ता या फोटोनंतर ठेवा. चांगला मिस्त्री याला आक्षेप घेत नाही; उलट त्याला बरं वाटतं की कुणीतरी आतलं काम पाहतंय.

## ८. नवा पत्रा आणि वेल्डिंग

पत्रा कोल्ड रोल्ड, म्हणजे दुकानात 'सीआरसीए' म्हणून मागायचा. बाहेरच्या कातड्याला आणि फ्लोअरला २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिमी. दाराखालच्या पेटीचा आतला भाग, जॅकची जागा, पाट्याची जागा यांना १८ गेज, सुमारे १.२ मिमी. याहून जाड लावलं की मजबूत होतं हा भ्रम आहे. जाड आणि पातळ पत्रा एकत्र वितळत नाहीत, पातळ आधी जळतो आणि जोड कच्चा राहतो. पन्हाळीचा जस्ती पत्रा वापरू नका. वेल्डिंग खराब होतं आणि जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात दुसऱ्या पद्मिनीची कापलेली पेटी किंवा फ्लोअर कधी मिळतो. मूळ वळणं तयार मिळतात म्हणून मोह होतो. घ्या, पण आधी तिच्यावरही चुंबक आणि स्क्रूड्रायव्हर चालवा. ती गाडी भंगारात गेली तीही बहुतेक गंजामुळेच.

जोडायला मिग, म्हणजे गॅरेजवाले ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात ते. तार ०.८ मिमी, मिळाली तर ०.६. कामाआधी त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यावर दोन जोड करून घ्या आणि उलटी बाजू पाहा. मागे उठाव दिसला तर जोड आरपार आहे. नुसता वर मणी बसला असेल तर तो घासताना निघून जाईल.

बाहेरच्या कातड्यावर कडेला कड भिडवून जोड करा, मध्ये पत्र्याच्या जाडीएवढी फट. तुकडा वरून डकवू नका. एकावर एक पत्रा आला की मधल्या फटीत पाणी ओढलं जातं आणि तिथेच पुढचा गंज सुरू होतो. सुरुवातीला सांगितलेला 'कडेकडेने' येणारा फोड तो हाच.

जिथे कंपनीने दोन पत्रे ठिपक्यांच्या वेल्डिंगने जोडले होते, तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिमीची भोकं पाडा आणि ती भरून वेल्ड करा. अंतर मूळ ठिपक्यांएवढं ठेवा, कमी नाही.

टाके मारताना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग जाऊ नका. एक टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग मधोमध. पत्रा हाताला सोसेल इतका थंड झाला की पुढचा. टाके दोन-तीन सेंटीमीटरवर आले की मधल्या जागा भरायच्या. सलग वेल्डिंगने पत्रा लाटा घेतो आणि मग त्या लाटा लपवायला लांबी लागते.

गॅसने काम करणारे जुने डेंटर आहेत आणि त्यातले काही पातळ पत्रा इतका सुंदर जोडतात की मागे हातोडी-डॉलीने (डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) ठोकल्यावर जोड शोधावा लागतो. असा माणूस बाहेरच्या कातड्याला मिळाला तर नाही म्हणू नका. पितळी झाळ (पितळ वितळवून केलेला जोड) मात्र भार घेणाऱ्या भागांवर नको, कुणीही केली तरी.

तपासा: दर आठ-दहा टाक्यांनंतर दार बसवून बंद करा आणि खडूने लिहिलेली फट ताडून बघा. फरक आला तर टाके कापून सरळ करणं अजून सोपं आहे.

सावधान: शेजारी पाण्याची बादली, ओलं पोतं आणि चालू स्थितीतला अग्निशामक. एक माणूस वेल्डिंगच्या उलट्या बाजूला लक्ष ठेवायला. काम संपल्यावर अर्धा तास कुणीही गॅरेज सोडून जेवायला जाऊ नये. फेल्ट आतून धुमसतो आणि उशिरा पेट घेतो.

## ९. इपॉक्सी, सीलंट, लांबी: याच क्रमाने

जोड घासून सपाट करा, पण मूळ पत्रा पातळ होईल इतकं नाही. ग्राइंडर एका जागी धरू नका. घासून झालं की त्याच दिवशी थिनरने पुसून इपॉक्सी प्रायमर, आतून हात पोचेल तिथेही. सकाळी पत्र्यावर दव असतं, उन्हं वर येऊ द्या आणि मगच फवारा.

लांबी इपॉक्सीच्या वर. उघड्या पत्र्यावर मारलेली लांबी ओल शोषते आणि तिच्याखाली गंज धरतो. जाडी दोन-तीन मिमीपेक्षा जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिला आहे. साधा रेड ऑक्साइड प्रायमर खिडकीच्या गजांना ठीक, इथे नको.

सांध्यांवर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट, तोही इपॉक्सीनंतर आणि रंगाच्या आधी. फ्लोअरचे जोड वरून आणि खालून, चाकांच्या कमानी, डिकीच्या कडा. दाराच्या घडीवर सीलंटची बारीक रेघ ओढा.

सावधान: सीलंटच्या नादात पाणी जायची भोकं बुजवू नका. सीलंट मारण्याआधी प्रत्येक भोकात आगपेटीची काडी खोचून ठेवा आणि नंतर काढा.

## १०. रंग आणि खालचा थर

रंगाबद्दल इथे फार सांगायचं नाही. खालून मात्र डांबराचा जाड थर मारू नका. नवा असताना तो छान दिसतो. सुकून तडकला की तड्यांत पाणी जातं, बाहेर येत नाही आणि आतला गंज दिसतही नाही. रबरासारखा लवचिक राहणारा आणि वर रंग घेणारा थर निवडा, तोही इपॉक्सीवर.

## ११. पोकळीत मेण

वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या आतल्या बाजूचा प्रायमर जळालेला असतो. तिथे आता ब्रश पोचत नाही, मेण पोचतं. रंग पूर्ण सुकल्यावर, म्हणजे निदान काही आठवड्यांनी, पोकळ्यांमध्ये मारायचं मेण घ्या. लांब नळीच्या टोकाला सगळ्या दिशांनी फवारणारी तोटी लागते. नळी पेटीच्या शेवटच्या टोकापर्यंत घाला आणि फवारत हळूहळू मागे ओढा. भोक नसेल तर आतल्या बाजूने, मॅटखाली लपेल असं १० मिमीचं पाडा, त्याची कड रंगवा आणि नंतर रबरी बूच बसवा.

दाराखालच्या पेट्या, खांबांची बुडं, दारांच्या घड्या, हेडलाइटमागची पोकळी, डिकीच्या कडा. मेण सांध्यांतून बाहेर ओघळलं तर समजा आत पोचलं. तळाची भोकं काडीने पुन्हा मोकळी करा. खाली दोन दिवस वर्तमानपत्र पसरून ठेवा, नाहीतर सोसायटीत ऐकून घ्यावं लागेल. मे महिन्याच्या उन्हात पुन्हा थोडं टपकतं, तेही ठीक.

जळकं इंजिन ऑइल फवारायचा जुना सल्ला अजून कुणीतरी देतंच. ते रबरं फुगवतं, धूळ धरतं, पहिल्या जोरदार पावसात बऱ्यापैकी धुऊन जातं आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली तर पेट घेतं.

## १२. पहिल्या पावसाळ्यात

मॅट आणि फेल्ट लगेच चिकटवून टाकू नका. पहिला पावसाळा मॅट सुटी ठेवा आणि दर मोठ्या पावसानंतर उचलून हात फिरवा. फ्लोअर ओला लागला तर तिसऱ्या टप्प्यात गळत्या लिहून ठेवलेला कागद काढा आणि नळी घेऊन पुन्हा खालून सुरू करा.

ओली गाडी जाड कव्हर घालून झाकून ठेवू नका, आतल्या आत घामेजते. पाऊस थांबला की दारं अर्धा तास सताड उघडी ठेवा. गणपतीच्या सुमारास एकदा नळीच्या कॅमेऱ्याने दोन्ही पेट्यांत बघा. मेण कुठे उतरून गेलं असेल तर दिवाळीनंतर त्याच भोकातून पुन्हा मारता येतं. मेणाचा हा हात दर दोन-तीन वर्षांनी द्यावा लागतो, खाडीकाठी किंवा चौपाटीजवळ गाडी उभी राहत असेल तर दरवर्षी.